अठ्ठावन्न किलोची हवा

ताई तिसऱ्यांदा टेकडीचा उतार उतरून आली आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाली, वळणावर मागचं चाक उडतंय. सायकल धाकटीच्या अंगावर ढकलून ती कठड्यावर जाऊन बसली. भर उन्हात जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली.

शर्यतीला पाऊण तास उरला होता. आज जी पहिली येईल तिला क्लबचे सर मोठ्या संघात घेणार होते. आणि त्या वळणाच्या खाली नुसते दगड होते.

धाकटीला क्लबात सगळे ठिणगी म्हणायचे. तिने शाळेला रामराम ठोकून वर्ष झालं होतं, पण चाक फिरवून कान लावला की त्याचं काय दुखतंय ते तिला कळायचं. ताईच्या सायकलला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. आज तीच सायकल तिला दाद देत नव्हती.

हवा तर बरोबर होती. ताईचं वजन अठ्ठावन्न किलो, त्याला मागच्या चाकात ब्याऐंशी पौंड. हे काही ठिणगीने हवेत ठरवलेलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी क्लबातल्या एकेकाला सायकलवर बसवून, चाक किती दबतं ते पट्टीने मोजून तिने वहीत तक्ता केला होता. हवा जास्त झाली की चाक दगड होतं आणि खडबडीत रस्त्यावर उसळतं. कमी झाली की वळणावर लोळतं. किती हवी ते बसणाऱ्याच्या वजनावर. रोजच्या सपाट रस्त्यावर काही अडलं नव्हतं, आजचा उतार मात्र ऐकायला तयार नव्हता.

पंपाचा काटा खोटं बोलत असेल म्हणून ती शेजारच्या क्लबच्या मिस्त्रीकाकांकडून त्यांचा पंप मागून घेऊन आली. काका काय गप्प बसणार. शाळा सोडलीस, आता हवाही सोडतेस का, म्हणाले. त्यांचा काटाही ब्याऐंशीच सांगत होता. तिने टायर बदललं. चाकाच्या तारा एकेक वाजवून पाहिल्या. सगळं सरळ. तिने हत्यारांच्या पेटीला लाथ घातली, तेव्हा कठड्यावरून ताई म्हणाली की जमत नसेल तर तसं सांग, काकांकडे देते. ते तिला झोंबलं.

तिने सायकल भिंतीला लावली, ताईला वर बसवलं आणि पट्टी घेऊन जमिनीवर आडवी झाली. चाक चार मिलिमीटर दबायला हवं होतं. दोनच दबलं. तिने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. दोनच.

मग तिने थोडी थोडी हवा सोडायला सुरुवात केली. ऐंशी. शहात्तर. बहात्तर. अडुसष्टला चाक बरोबर चार मिलिमीटर दबलं. तिने वही उघडली. अडुसष्टपुढे वजन होतं शेहेचाळीस. आणि त्या ओळीत नाव होतं क्लबातल्या सगळ्यात लहान, सातवीतल्या पोरीचं.

ठिणगी तशीच पडून राहिली. तिथून ताईच्या घोट्याची हाडं दिसत होती. चड्डी कमरेला सैल होत होती म्हणून आतून पिना लावल्या होत्या, त्याही दिसल्या. घरी ताई सांगायची, क्लबात जेवले. क्लबात सांगायची, घरून जेवून आले. ठिणगीने दोन्ही ऐकलं होतं, दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

"ताई, तुझं वजन किती?"

"अठ्ठावन्न. वहीत आहे की."

"चाक शेहेचाळीस म्हणतंय."

ताईने जॅकेट ओढून कमरेच्या पिना झाकल्या. मग हळूच म्हणाली की चढाला हलकंच लागतं, आजचा दिवस जाऊ दे, आईला सांगू नकोस.

ठिणगी तडक सरांकडे गेली. सरांनी गळ्यातल्या शिट्टीशी खेळत सगळं ऐकून घेतलं. दर सोमवारी तिचं वजन मीच करतो, म्हणाले. मग ठिणगीच्या खांद्यावर थोपटलं.

"हलकी झाली म्हणूनच चढाला पुढे असते. तू हवेचं बघ."

तिने आईला फोन लावला. आई कारखान्यात, शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

चाक फोडावं असंही मनात आलं. पण सरांच्या गाडीच्या टपावर दोन जादा चाकं बांधलेली होती, आणि त्यांत हवा भरणारं दुसरं कुणीतरी असणार, वहीतलं अठ्ठावन्न वाचून. ताई तर ब्याऐंशीवरही निघाली असती. खाली दगड होते.

ठिणगीने काटा पुन्हा पाहिला. अडुसष्ट. तिने झाकण घट्ट केलं.

ताई एक चक्कर मारून आली. सकाळपासून पहिल्यांदाच हसत होती. वळणावर चाक रस्त्याला चिकटून राहिलं, म्हणाली. "बघ, हवेचंच होतं. उगाच घाबरवलंस. मला काही झालेलं नाही." धाकटीच्या डोक्यावर टपली मारून ती रांगेत जाऊन उभी राहिली.

ठिणगी पंप धरून तिथेच उभी होती. तीन महिने घरात, क्लबात कुणी चकार शब्द काढला नव्हता. सकाळपासून एकटं ते चाक ओरडत होतं. आता तिने त्यालाही गप्प केलं होतं.