बाळांचे फोटो

घराच्या पुढच्या खोलीत तिचा स्टुडिओ होता. दवाखान्यातून फोन आला की ती हातातलं काम टाकून जायची आणि जन्मतःच गेलेल्या बाळांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना मोफत काढून द्यायची. सुरुवातीला घरी येऊन रडायची. आता बाळाचं टोपरं सारखं करायची, त्याची मूठ वडिलांच्या बोटाभोवती ठेवायची, फोटो काढायची आणि घरी येऊन लेकीचा डबा घासायला घ्यायची. "तुझं काळीज घट्ट आहे बाई," जाऊ म्हणायची. घट्ट वगैरे काही नव्हतं, तिला फक्त काही वाटेनासं झालं होतं.

पाच वर्षांच्या लेकीने एकदा ते फोटो कॉम्प्युटरवर पाहिले.

"ही सगळी बाळं झोपलीयेत का गं?"

"नाही, ती गेलीयेत. त्यांच्या आईला आठवण म्हणून फोटो हवा असतो."

लेकीने मान डोलावली आणि खेळायला गेली.

नंतर एका दुपारी ती दवाखान्यातून परतली, तेव्हा लेक सोफ्यावर गाढ झोपली होती. खिडकीतून छान उजेड येत होता. कामाच्या धबडग्यात लेकीचा असा निवांत फोटो काढायचा राहूनच गेला होता. तिने लेकीच्या गालावरचे केस हलकेच बाजूला केले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं.

आवाजाने लेक दचकून उठली.

 

"आई, मी नुसती झोपलेय गं."