सगळ्यात लहान फाइल

जयेशच्या हळदीला धवलारीण आवडाबाईंचे रेकॉर्ड केलेले धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, डीजेच्या बॉक्सवर लावायचं ठरलं. एमपीथ्री करताना त्याने सगळ्यात कमी क्वालिटीचं सेटिंग निवडलं आणि मूळ रेकॉर्डिंग उडवून टाकलं. ते रेकॉर्डिंग करणारी त्याची बहीण कल्पिता चिडली, तर म्हणाला, "अगं, म्हातारीचं कोण ऐकतंय? डीजेची गाणी ठेवलीत ना फुल क्वालिटीत."

कळव्याच्या मांडवात धवला वाजला तो पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा. "गळाच तसा होता तिचा," जयेश पाहुण्यांना हसत सांगत होता. किळस येऊन कल्पिताने तोंड फिरवलं.

तिकडे पहिल्याच खुर्चीत नवं लुगडं नेसून आवडाबाई बसल्या होत्या, आपल्याला गायला कधी बोलावतात याची सकाळपासून वाट बघत.