सरांचा श्वास

कराटेच्या कातातली, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेतली, शेवटची वळणं घेताना ओवीचा तोल जराही ढळला नाही. कानामागे चिकटवलेल्या चकतीतून खानविलकर सरांचा नोंदवून ठेवलेला श्वास आणि तोल तिच्या अंगात उतरत होता. सर जाऊन वर्ष झालं होतं, तरी चिपळूणच्या त्या हॉलमधली मुलं अजून त्यांच्याच श्वासावर शिकत होती.

सरांच्या पत्नी शरयूबाई दाराशी बसून तिचा श्वास ऐकत होत्या. त्या आज चकत्या बंद करायला आल्या होत्या. ओवी झोपेतही दुसऱ्याच कुणासारखा श्वास घेते, असं तिच्या आईने रडत सांगितलं होतं.

"ओवी, चकती काढ. आता तुझ्या श्वासाने कर," त्या म्हणाल्या.

ओवीने चकती काढून त्यांच्या हातात दिली, डोळे मिटले आणि काता पुन्हा सुरू केला. श्वास तोच होता. सरांच्या दम्याची बारीक शिट्टीसुद्धा त्यात होती, आणि ओवीला दमा नव्हता.

एका पायावर स्थिर उभी राहून ओवी हळूच म्हणाली, "शरू, खिडकी लाव गं. गार वारा येतोय."

सरांशिवाय त्यांना शरू म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. शरयूबाईंनी उठून खिडकी लावली.

ओवीने डोळे उघडले. "काकू, मी काही बोलले का?"

"नाही गं," शरयूबाई म्हणाल्या. त्यांनी चकती पुन्हा तिच्या कानामागे लावली आणि विचारलं, "उद्या जरा लवकर येशील?"