साफ केलेली जागा

प्रणालीनं स्कूटी रस्त्याच्या कडेला लावली आणि हेल्मेट काढता काढता थबकली. जंगलातून आरपार दिसत होतं. पार पलीकडच्या वसाहतीतली पाण्याची टाकीसुद्धा दिसत होती.

मनीषनगरच्या पुढं, रिंगरोड आणि प्लॉट यांच्यामध्ये उरलेला जंगलाचा हा तुकडा. तिचं संशोधन इथंच चालू होतं. परवापर्यंत इथं छातीएवढी रायमुनिया, म्हणजे घाणेरीची झुडपं, माजलेली होती. एवढी काटेरी, की आत हात घालायची सोय नव्हती. आता तिथं नुसती उकरलेली माती होती.

"आली, आली!" वडिलांचे मित्र भैय्याजी ओरडले आणि सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांच्या पुढं तिचे वडील, शालिकराम, हातात विळा घेऊन उभे होते. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात जन्मभर तागे उलगडणारे ते हात कोपरापर्यंत ओरबाडले होते.

"पाह्य, कसं झालं!" ते म्हणाले. "तू रोज पोटऱ्या फाडून घरी येतं. त्या दिवशी घोणस दिसली म्हणे. मले झोप नव्हती लागत वं. भैय्याजीले म्हटलं, पोरीसाठी एवढं करून टाकू. आता पाय कुठं पडून राहिला ते दिसते."

कोणीतरी तिच्या हातात चहा दिला. तो तसाच धरून ती मातीकडं पाहत राहिली.

"बाबा, झुडपाच्या आत लहान लहान रोपं होते न? जाड पानाचे?"

"होते न. तेही काढले. मुळासकट." चोख काम केल्याचा आनंद त्यांच्या आवाजात होता. "नुसते कापले असते तर पुन्हा फुटले असते. आणि तुझ्या झाडायले कोणालेच हात लावू देला नाही मी. पाह्य तिकडं."

चारोळीची दोन जुनी झाडं उघड्यावर उभी होती. त्यांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे मारले होते. रंग अजून ओला होता.

उपटलेल्या झुडपांचा ढीग एका बाजूला लावला होता. प्रणाली चहा खाली ठेवून तिकडं गेली. काटे बाजूला सारत तिनं आत हात घातला. गुडघ्याएवढं एक रोप निघालं. मग दुसरं. पानं मलूल होऊन लोंबत होती आणि खाली जाणारी सोटमुळी प्रत्येकाची अर्ध्यात तुटलेली होती. अशी रोपं पुन्हा जीव धरत नाहीत.

"काही राहिलं का बेटा?" भैय्याजींनी मागून विचारलं. "सांग. आत्ता काढून टाकू."

"नाही काका," ती म्हणाली. "काही नाही राहिलं."

हळूहळू मंडळी पांगली. जाताना एकदोघांनी साफ झालेल्या जागेचे फोटो काढले. शालिकराम मात्र गेले नाहीत. ते ढिगाजवळ आले. मुलगी एकेक रोप काढून सावलीत आडवं ठेवत होती.

"काहून वं? काय झालं?"

तिनं आणखी एक रोप बाहेर काढलं.

"घरी तू माझे झाडं, माझे झाडं करत राहतं..."

"ते हेच होते, बाबा."

शालिकरामांनी रंगवलेल्या बुंध्यांकडं पाहिलं. "मग ते?"

"ते म्हातारे झाले. फांद्या वाळून राहिल्या त्यांच्या. खाली दरवर्षी रोपं यायचे आणि दरवर्षी मरायचे. कधी शेळ्या खायच्या, कधी उन्हाळ्यात आग लागायची. रायमुनियाच्या काट्यात कोणी शिरत नव्हतं, म्हणून हे एवढे वाढले. पहिल्यांदाच."

"दुसऱ्या जंगलातून बी येईन न उडून?"

"चारोळीचं बी उडत नाही. पाखरं आणत, वानरं आणत. आता हा रस्ता ओलांडून कोण येते?"

रिंगरोडवरून ट्रक जात होते. शालिकरामांनी एकदा रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मले विचाराले पाहिजे होतं."

"मीच सांगायला पाहिजे होतं," प्रणाली म्हणाली. काय सांगायला हवं होतं, ते मात्र तिला नीट जुळवता येईना. पायाला काटे लागतात तेच बरं आहे? साप आहे तर असू द्या? त्यांनी ऐकलं असतं का?

ते खाली बसले. विळ्याच्या टोकानं त्यांनी माती उकरली, एक रोप उचलून खड्ड्यात उभं केलं आणि दोन्ही हातांनी माती दाबली. खिशातल्या रुमालाच्या कडेची पट्टी फाडून त्यांनी रोप एका काडीला बांधलं. मग आपल्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी बुडाशी हळूहळू ओतलं. पानं तशीच खाली लोंबत राहिली.

ते दुसऱ्या रोपाकडं वळले. एका हातानं गुडघा धरून, दुसरा जमिनीवर टेकत सरकले. प्रणालीनं त्यांना थांबवायला तोंड उघडलं आणि मग पुढचं रोप त्यांच्या हातात दिलं.

बाटली रिकामी झाली तेव्हा त्यांनी मान वर केली. कपाळावर माती लागली होती.

"उद्या पुन्हा पाणी द्या लागंन?"

प्रणालीनं रांगेतल्या रोपांकडं पाहिलं. तुटलेल्या मुळ्या आता मातीखाली झाकल्या गेल्या होत्या.

"हो, बाबा," ती म्हणाली. "रोज."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पुढचा खड्डा जरा जास्तच खोल खणायला घेतला.