कुजबुजीचा पल्ला

चष्मेवाल्या काकांनी पटावरचं फडकं उचललं आणि तिघांनीही पटाच्या एका कोपऱ्याकडे बघायचं टाळलं. तिथे नदीकाठी मांत्रिकाची शिशाची बाहुली पाच आठवडे तशीच उभी होती. ती हलवणारा राहिला नव्हता.

रविवार दुपार, दुकान बंद. मागच्या खोलीत डोळे तपासायच्या तक्त्याखाली सहा वर्षं हा खेळ चालला होता. काका गोष्ट सांगायचे आणि निवाडे द्यायचे. बाकीचे आपापलं पात्र चालवायचे. ज्याला सगळे वकील म्हणत, तो चोर व्हायचा. त्याने कोर्टाची पायरी कधी चढलेली नव्हती, तो छापखान्यात प्रूफं तपासायचा. पण नियमाचा कीस काढण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. ताई तिरंदाज होती. आणि मांत्रिक होता तिचा धाकटा भाऊ.

बहीणभावात आठ महिने अबोला होता. शब्दाने शब्द वाढला होता आणि माघार घ्यायची दोघांनाही सवय नव्हती. पटावर मात्र बोलावंच लागे. मांत्रिकाकडे 'कुजबुज' नावाची कँट्रिप होती, म्हणजे कितीही वेळा वापरता येईल असा बारकासा मंत्र. या टेबलाची रीत अशी, की कुजबुज चिठ्ठीवर लिहायची आणि घडी घालून काकांकडे द्यायची. समोरचा पल्ल्यात असेल तर काका ती पुढे सरकवणार. नसेल तर न वाचता फाडून टाकणार.

त्या शेवटच्या रविवारी भावाने ताईसाठी चिठ्ठी दिली, तेव्हा काकांनी चौकोन मोजले. "शंभर फूट होतात. कुजबुज साठावर संपते."

"माझ्याकडे 'दूरचा नेम' आहे ना. त्याने पल्ला दुप्पट होतो."

"ती खुबी हल्ल्याच्या मंत्रांसाठी. कुजबुजीने कोण मरतंय?"

वकिलानेही मान डोलावली. नियम बरोबरच होता. डाव ताईच्या चालीवर थांबला, ती नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी निघाली आणि दुकानासमोरून बस पकडून गेली. अर्ध्या तासात निरोप आला. भावाची स्कूटर तिसऱ्या चौकात ट्रकखाली गेली होती. त्याचं घर अगदी उलट्या दिशेला. तो त्या रस्त्याला कशाला गेला, हे कोणालाच कळलं नाही.

काकांनी आता चष्म्याच्या एका घरातून ती चिठ्ठी काढली. "फाडायची राहून गेली," ते म्हणाले. "वाचलेली नाही. शप्पथ."

राहून गेली नव्हती, त्यांचा हातच होत नव्हता. दुपारी एखादं गिऱ्हाईक पुढे आरशासमोर चष्मे लावून बघत असलं, की मागच्या रिकाम्या खोलीत कोणीतरी हलक्या आवाजात काहीतरी सांगायला लागे. शब्द कळत नसत. "काही म्हणालात?" असं काका विचारत आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघत राही. काका घाबरले होते. लोकांचे डोळे तपासणाऱ्या माणसाचा स्वतःच्या कानांवरचा भरवसा उडाला होता.

"घे ताई. पोचली असं धरू."

ताईने हात पुढे केला नाही. "पल्ला किती?"

"अगं, आता कसला पल्ला!"

"किती, काका?"

"साठ."

"मग मेहेरबानी नको. त्याला चालली नसती."

हट्टाच्या बाबतीत दोघं एका माळेचे मणी. काकांनी वकिलाकडे पाहिलं. वकील बराच वेळ टेबलाच्या कडेवर नख घासत बसला होता.

"नियमाने बघायचं तर," तो घसा खाकरून म्हणाला, "चिठ्ठी फाडलेली नाही. म्हणजे मंत्र अजून संपलेला नाही. तो... तो अजून थांबलाय."

ताईने आपली तिरंदाज उचलली. ती पूल ओलांडून पलीकडच्या काठाला केव्हाच सुखरूप पोचली होती. पूल पेटलेला होता.

"ताई, तुझी चाल संपली की पूल पडणार," वकील म्हणाला. "वर जो असेल तो गेला. सहा वर्षांचं पात्र आहे गं."

तिने बाहुली पुलावर ठेवली आणि एकेक चौकोन मागे, मांत्रिकाकडे सरकवत नेली. "पंच्याण्णव. नव्वद. पंच्याऐंशी." प्रत्येक चौकोनाला पाच फूट. तिचा आवाज साफ होता. "पासष्ट. साठ."

मग तिने हात पुढे केला. काकांनी चिठ्ठी तिच्या तळहातावर ठेवली.

एकच ओळ होती. 'ताई, आज बाहेर थांब. मी सोडतो घरी.'

तिने ती पुन्हा वाचली. त्या दिवशी बसच्या मागे कोणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं. वैतागून तिने खिडकी लावून घेतली होती. तेवढ्यात तिला समोर काका दिसले. दोन्ही हात टेबलावर टेकून ते उभे होते. पाच आठवड्यांत म्हातारे झाले होते.

"ताई," ते म्हणाले, "त्यात काही... पोचायला हवं होतं असं होतं का गं?"

ताईने चिठ्ठीची होती तशी घडी घातली आणि मूठ मिटली.

"कुजबुज आहे, काका. ज्याला पाठवली त्यालाच ऐकू येते. तुमचाच नियम." तिने डोळे पुसले. "पाडा पूल."