अकरा रकान्यांचा तक्ता

टेक्ससमधील शेतावर सात वर्षे खपून परीक्षितने दुष्काळात तगणारे भुईमुगाचे वाण तयार केले होते. रानडुकराने सगळे वाफे उकरले. बियाण्यापुरती एकच ओळ उरली. तीस फुटांवरून डुकराची ढालीसारखी जाड कातडी कोणते काडतूस भेदेल, याचा त्याने अकरा रकान्यांचा तक्ता मांडला आणि हमखास आरपार जाणारे काडतूस निवडले.

“तुझा तक्ता होईपर्यंत डुक्कर ढेकर देऊन जाईल. त्यापेक्षा मी थाळी बडवते,” त्याची बायको रुचा म्हणाली.

“थाळीला डुक्कर घाबरतं, याला पुरावा?”

पहाटे डुक्कर त्या ओळीत शिरले. परीक्षितने नेम धरला. तेवढ्यात डुकराच्या बरोबर मागून रुचा थाळी बडवत धावत आली.

“रुचा, बाजूला हो!” तो जिवाच्या आकांताने ओरडला. थाळीच्या दणदणाटात तिला काहीच ऐकू गेले नाही. डुक्करही जागचे हलले नाही.



गोळी आरपार जाणार याविषयी तिळमात्र शंका नसल्यामुळे परीक्षितने रायफल खाली ठेवली, आणि डुकराने शेवटचे रोप मुळासकट उपटले.