बार्बरचं कुळ

चहा पुढ्यात आला आणि चांगदेव सरांनी विषय काढला तो नेमका बार्बर या शब्दाचा. बाळकुमला सरांच्या उंचावरच्या फ्लॅटमध्ये वारा नुसता भणाणत होता, तरी विश्रामला घाम फुटला.

सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. शब्द हाती लागला की त्याचं कुळ-मूळ खणून काढायची खोड. समृद्धी त्यांची एकुलती एक लेक. कुणा जुन्या ओळखीच्यानं सुचवलं म्हणून सरांनी आपणहून फोन केलेला. आता ती आणि विश्रामचा मुलगा अद्वय बाल्कनीत असे रंगले होते की आंधळ्यालाही कळावं. स्थळ हातचं जायला नको, एवढंच विश्रामच्या मनात होतं.

सर सांगत होते, लॅटिनमध्ये बार्बा म्हणजे दाढी. तिथून शब्द फ्रेंचांकडे गेला, मग इंग्रजांकडे. तिकडचा बार्बर गळवंही कापायचा, दातही उपटायचा. पुढे सर्जन वेगळे झाले आणि जुन्या भावाला ओळख दाखवेनासे झाले. आपला न्हावी तर लग्नंसुद्धा जुळवायचा. एवढं बोलून सर गुळगुळीत हनुवटीवर हात फिरवत हसले. तुरटीचा बारीकसा वास आला.

हा माणूस टोमणा मारतोय की काय? विश्रामला वाटून गेलं. बँकेत साहेब झाला, पण कळव्याच्या नाक्यावर हजामतीची पेटी घेऊन बसायचे ते दामाजी आपले वडील, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आजही निघताना म्हणाला होता, बाबा, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही राहू द्या. म्हातारा नुकताच फेरफटका मारून आलेला, पिशवी अजून काखोटीलाच. बरं, एवढंच म्हणाला.

कुणी विचारलं नव्हतं, तरी विश्राम बोलून गेला, "आमचे वडील रेल्वेत होते. आता नाहीत ते."

शेजारी त्याच्या बायकोचा, चित्राचा, कप बशीवर वाजला. तिनं मान वर केलीच नाही. जिवंत बापाला मारलंस मेल्या, असं विश्रामचं मन त्यालाच म्हणालं. लाजेनं कानशिलं तापली. पण बोललेलं काही परत गिळता येत नाही.

सरांनी पुन्हा हनुवटीवरून हात फिरवला. मग हलकेच म्हणाले, "सकाळीच माझी दाढी करून गेले हो ते. हे स्थळ त्यांनीच सुचवलं. जाताना म्हणाले, विश्रामला माझी लाज वाटते, तेवढं सांभाळून घ्या."